लेकी बोले, सुने लागे... आणि लागलंच नाही तर?

लेकीला बोलायचं आणि ते सुनेला लागायचं, यात सुनेच्या मेंदूची बरीच कसरत होते. बोलणं लेकीशी चाललंय, रोख माझ्यावर आहे आणि ते मला कळावं अशीच सासूबाईंची इच्छा आहे, एवढं सगळं क्षणात ताडायचं! मानसशास्त्रात या क्षमतेला 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात. १९७८ साली प्रेमॅक आणि वुडरफ यांनी चिंपांझींविषयी लिहिताना हा शब्दप्रयोग रूढ केला.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विस्मरणच आठवतं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या (मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजणारा डिमेन्शिया) वर्तन बदलणाऱ्या प्रकारात मात्र आधी ढासळते ती ही मन ओळखण्याची क्षमता, तीही बहुधा पंचेचाळिशी ते पासष्टीच्या दरम्यान. नावं, तारखा, पत्ते शाबूत असतात. डिमेन्शियासाठीच्या नेहमीच्या ३० गुणांच्या चाचणीत असा माणूस सहज उत्तम गुण मिळवतो, आणि घरचे समजतात की स्वभावच बिघडला.

मग तपासायचं कसं? एक छोटा प्रसंग वाचून दाखवतात. समजा, नीताने वास्तुशांतीला दिलेलं घड्याळ भिंतीवर आहे. वर्षभराने यजमानीणबाई तिच्याच समोर म्हणतात, "हे कुणी दिलं कोण जाणे, मला मेलं आवडतच नाही." प्रश्न असे: कुणी बोलू नये ते बोललं का? घड्याळ कुणाचं हे बाईंच्या लक्षात होतं का? नीताला काय वाटलं असेल? शेवटी साधा प्रश्न: भिंतीवर काय होतं? प्रसंगाचा कागद समोरच ठेवतात, म्हणजे स्मरणशक्तीवर भार नको. घड्याळ अचूक सांगितलं, पण नीताचं अवघडलेपण कळलंच नाही, तर दोष स्मृतीचा नाही. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये उलट दिसतं: 'त्याला काय वाटतं असं तिला वाटतं' अशा दुहेरी गुंत्यात रुग्ण अडखळतो, पण बऱ्याचदा धागे लक्षात राहत नाहीत म्हणून.

पार्किन्सनमध्ये आणखी एक पेच. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणं अवघड होतं आणि रुग्णाचा स्वतःचा चेहराही ताठरतो, त्यामुळे गैरसमज दोन्हीकडून.

फ्रंटोटेम्पोरल प्रकारात अल्झायमरसाठीची डोनेपेझिलसारखी औषधं उपयोगी पडत नाहीत, उलट वागणं बिघडवू शकतात. रुग्णाला स्वतःतला बदल जाणवत नसल्याने डॉक्टरांना माहिती घरच्यांनीच द्यावी, शक्यतो वेगळं भेटून. घरात टोमणे, सूचक बोलणं, रुसवे बंद. डोळ्यांतलं पाणी पाहून तो उठेल ही अपेक्षा नको. "मला वाईट वाटतंय, पाच मिनिटं शेजारी बस," असं सरळ सांगावं. आणि बँकेचे व्यवहार लवकर दुसऱ्याच्या नजरेखाली आणावेत: समोरचा फसवतोय हे ओळखायलाही हीच क्षमता लागते.