कवडसा

नोव्हेंबरची 9, 10 आणि 11 तारीख आली की कोल्हापुरात संध्याकाळी पश्चिमेकडे बघायची सवय लागते. ढग नाहीत ना, धुरकं नाही ना, वाटेत एखादं नवं बांधकाम आड आलं नाही ना, हीच सगळ्यांची काळजी. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. जानेवारीच्या 31 तारखेला आणि फेब्रुवारीच्या 1 व 2 तारखेला हेच पुन्हा घडतं. मी ख्रिस्ती घरातला. पण शाळेत असताना मित्रांबरोबर किरणोत्सवाला उभा राहायचो, आणि सूर्याचं गणित मला पहिल्यांदा तिथंच उमगलं.

गणित असं आहे. 21-22 डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातो आणि मागे फिरतो. 10 नोव्हेंबरपासून त्या टोकापर्यंत साधारण 42 दिवस, आणि टोकापासून 1 फेब्रुवारीपर्यंत पुन्हा तेवढेच. म्हणून या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो, कोल्हापुरातून नेमक्या पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेला. ही जागा रोज साधारण 0.3 अंशानं सरकते, आणि सूर्याचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं असतं. म्हणजे दोनच दिवसांत सूर्य आपल्या रुंदीएवढा बाजूला जातो. एवढ्याशा फरकाची दखल घेणारी वास्तू ज्यांनी बांधली त्यांनी आभाळ किती वर्षं न्याहाळलं असेल! देवीच्या पायाशी ऊन आणायचं होतं, म्हणून त्यांनी सूर्य मोजला.

हे सगळं आता आठवलं ते एका मुलीमुळे. आमच्या तरुण संघाची बैठक संपल्यावर ती थांबली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, कॉलेजात विश्वाचं वय 13.8 अब्ज वर्षं शिकवतात आणि इथं बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात देवानं सृष्टी घडवली ती सहा दिवसांत. मी कुठलं धरू?" आपल्यातल्याच कुणा वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं होतं की दोन्हीतलं एकच ठेवता येईल. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच कशाला तरी मुकावं लागणार अशी भीती होती. त्या दिवशी मला घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं. पुढच्या रविवारी ये म्हटलं, आणि मग तिला इटलीतल्या एका चर्चच्या छपरातल्या भोकाची गोष्ट सांगितली.

ती समजायला आधी ईस्टरची तारीख समजायला हवी. वसंतात दिवस-रात्र समान होतात (हाच संपात), त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. सूर्य, चंद्र आणि आठवडा या तिघांची मोट बांधायची. आपले पंचांगकर्ते अधिक महिना घालून सूर्य-चंद्राचा मेळ घालतात, त्याच जातीचं हे काम. अडचण आली ती वर्षाच्या लांबीत. जुन्या रोमन पंचांगात वर्ष 365 दिवस 6 तासांचं धरलेलं होतं. खरं वर्ष त्याहून सुमारे 11 मिनिटांनी लहान. वर्षाला 11 मिनिटं म्हणजे 128 वर्षांत एक दिवस. सोळाव्या शतकापर्यंत हा घोळ दहा दिवसांवर गेला होता आणि 21 मार्चला धरलेला संपात आभाळात 11 मार्चच्या आसपास होऊ लागला होता. शेवटी 1582 साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर उजाडला. आज आपल्या भिंतीवर लटकतं ते कॅलेंडर यातूनच आलं आहे. प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण चुकीच्या दिवशी होऊ नये, या तळमळीतून.

पण वर्ष नेमकं किती, हे तपासायचं कशानं? इथं कवडसा उपयोगी पडला.

कौलारू घरात वाढलेल्यांना कवडसा सांगावा लागत नाही. कौल सरकलं की दुपारी जमिनीवर उन्हाचा गोल ठिपका पडतो. फट चौकोनी असो की वेडीवाकडी, ठिपका मात्र गोलच, कारण ती फटीची सावली नसते, ते सूर्याचं चित्र असतं. छप्पर जितकं उंच तितकं चित्र मोठं. साधारण अंतराच्या एकशेआठाव्या भागाएवढा त्याचा व्यास. घराच्या छपराखाली दोन-तीन सेंटिमीटरचं हे चित्र. मग चर्चच्या छपराखाली केवढं होईल? सतराव्या शतकात युरोपात एवढी उंच, काळोखी आणि पक्क्या फरशीची इमारत दुसरी नव्हती.

बोलोन्या शहरातल्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये इग्नात्सिओ दांती या पंचांग जाणणाऱ्या धर्मगुरूनं 1570च्या दशकात, उन्हाचा असा ठिपका भर दुपारी जिला ओलांडतो अशी रेषा आखली होती. पुढे इमारत वाढवताना ती निकामी झाली. 1655 साली जोव्हान्नी दोमेनिको कासिनी या तिशीतल्या ज्योतिर्विदानं नवी रेषा आखायचं ठरवलं. नंतर शनीच्या कड्यांमधल्या फटीला ज्याचं नाव मिळालं तोच हा कासिनी. रेषा नेमकी उत्तर-दक्षिण हवी आणि वाटेत दगडी खांबांची रांग. कासिनीनं खांबांच्या मधून वाट काढली. छपरात सुमारे 27 मीटर उंचीवर जेमतेम 27 मिलिमीटरचं भोक, आणि खाली फरशीवर जवळपास 67 मीटर लांब रेषा. रोज भर दुपारी सूर्याचं बिंब ती रेषा ओलांडतं. उन्हाळ्यात सूर्य सगळ्यांत उंच असताना बिंब रेषेच्या भोकाकडच्या टोकाला, वीतभराहून थोडं मोठं. डिसेंबरात ते रेषेच्या पार दुसऱ्या टोकाला, माणसाच्या उंचीएवढं लांबट. ते रेषेवर कुठं पडतं यावरून सूर्याची उंची कळते आणि त्यावरून संपाताचा क्षण.

कासिनीनं आणखी एक गोष्ट केली, आणि माझा जीव जडला आहे तो तिच्यावर. त्यानं बिंबाची रुंदी मोजली. जानेवारीत सूर्य आपल्याला थोडा जवळ असतो, जुलैत थोडा दूर. अंतर 14 कोटी 71 लाख किलोमीटरपासून 15 कोटी 21 लाखांपर्यंत बदलतं. म्हणून बिंबही थोडं लहान-मोठं दिसतं. जुन्या ग्रीक पद्धतीच्या गणितानुसार हा फरक सात टक्क्यांच्या घरात यायला हवा होता. योहानेस केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या नव्या गणितानुसार त्याच्या निम्मा. केप्लरचं पुस्तक चर्चच्या मनाई-यादीत होतं. गॅलिलिओला 1633 साली गुडघे टेकवून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपलं म्हणणं मागे घ्यायला लावलं होतं, त्याला फक्त 22 वर्षं झाली होती. बोलोन्यावर राज्य पोपचं. आणि अशा ठिकाणी, प्रार्थनेच्या जागी, उन्हाच्या ठिपक्यानं केप्लरच्या बाजूनं साक्ष दिली. फरक निम्माच निघाला.

यातून पृथ्वी फिरते हे सिद्ध झालं नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरो की सूर्य पृथ्वीभोवती, बिंब सारखंच दिसणार. पण केप्लरचं गणित खरं आहे हे मात्र दिसलं, आणि ते कुणी पुसून टाकलं नाही.

गॅलिलिओच्या बाबतीत चर्चचं चुकलं. हे ख्रिस्ती माणसानं स्वतःहून आणि आधी म्हणावं असं मला वाटतं. गॅलिलिओची आणि केप्लरची पुस्तकं मनाई-यादीतून पूर्णपणे निघायला 1835 साल उजाडलं आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी चूक जाहीरपणे मान्य केली ती 1992 साली. फार उशीर झाला. पण या एका खटल्यावरून श्रद्धा आणि विज्ञान हे जन्माचे वैरी ठरवले, तर सान पेत्रोनिओची फरशी कुठं ठेवायची? सूर्याला मध्यभागी बसवणारा कोपर्निकस चर्चच्या सेवेतला, वाटाण्याच्या वेलींवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला.

माझ्या आजीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली उभारलेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला जाताना ती वाटभर प्रार्थना करायची, आणि घरी आल्यावर औषधाची एक वेळही चुकवायची नाही.

सहा दिवसांबद्दल मी त्या मुलीला ऑगस्टीन वाचायला सांगितलं. उत्तर आफ्रिकेतला हा बिशप पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहीत होता. ना दुर्बीण होती, ना भूगर्भशास्त्र. तरी हे दिवस आपल्या सूर्योदय-सूर्यास्ताचे दिवस म्हणून घेता येत नाहीत, असं त्याला दिसत होतं. आणि त्यानं बजावलं होतं की ताऱ्यांबद्दल किंवा ऋतूंबद्दल अभ्यासानं कळलेल्या गोष्टींच्या विरोधात ख्रिस्ती माणसानं बायबलच्या नावानं काहीबाही बोलू नये. ऐकणारा हसेल, आणि मग पुनरुत्थानाबद्दल बोललेलंही त्याला खरं वाटणार नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आपल्या प्रवचनांत मला अजून क्वचितच ऐकू येतो.

याच्या उलट टोकाची चूकही होते आणि तिचा मला जास्त त्रास होतो, कारण ती आपल्याच प्रेमातून होते. महास्फोट झाला, म्हणजे विश्वाला आरंभ आहे, म्हणजे उत्पत्तीचं पहिलं वचन प्रयोगशाळेत सिद्ध झालं, असं उत्साहानं सांगितलं जातं. ज्यानं ही कल्पना प्रथम मांडली तो जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व पसरतं आहे हे त्यानं 1927 साली आइनस्टाइनच्या समीकरणांतून आणि दीर्घिकांच्या वेगांवरून दाखवलं. गणित बरोबर, पण भौतिकी भयंकर, अशा अर्थाचं काहीतरी आइनस्टाइन त्याला म्हणाला. 1931 साली लमेत्रनं आणखी पुढे जाऊन सगळं विश्व एका आद्य अणूतून निघालं असावं, असं सुचवलं. 1951 साली खुद्द पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात निर्मितीचा पुरावा दिसतो अशा आशयाचं भाषण केलं. लमेत्रला आनंद व्हायला हवा होता. तो अस्वस्थ झाला. त्याचा सिद्धांत भौतिकीचा होता, उद्या तो बदलू शकत होता. देवावरचा विश्वास त्याला असल्या खुंटीवर टांगायचा नव्हता. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

देव हा विश्वातल्या कारणांच्या रांगेतलं पहिलं कारण नाही, सगळी रांगच त्याच्या हातात आहे, असं मी मानतो. म्हणून कुठल्याही मोजमापात तो सापडणार नाही, आणि कुठल्याही मोजमापानं तो नाहीसाही होणार नाही. लमेत्र हे माझ्यापेक्षा फार चांगलं जाणत होता. विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा उरलेला मंद प्रकाश सापडल्याची बातमी त्याला 1966 साली मृत्यूच्या काही दिवस आधी मित्राकडून कळली.

यंदा ईस्टरची उपासना संपली, मंडळी बाहेर चहाला गेली आणि ती मुलगी आत राहिली. हॉलच्या एका बाजूचं कौल थोडं सरकलं आहे, तिथून फरशीवर कवडसा पडतो. तिनं कागद ठेवला आणि बिंबाभोवती पेन्सिल फिरवायला लागली. रेघ पुरी होईपर्यंत बिंब रेघेच्या बाहेर गेलं होतं. "थांबा काका," म्हणाली, "पुन्हा काढते."