डोंगरशर्यत उतारावरच हातची का जाते?

मुंबईत धावायला शिकलेल्या माणसाच्या लेखी चढ म्हणजे पेडर रोड. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली तेव्हापासून त्याची धास्ती आहे. त्यामुळे साताऱ्याकडे किंवा मावळात एखाद्या डोंगरशर्यतीला नाव नोंदवलं की सगळी तयारी चढाचीच होते. शर्यत मात्र बहुतेकांच्या हातून उतारावर निसटते. हा खेळ आला कुठून ते पाहिलं की याचा उलगडा होतो.

डोंगरावर पळायची शर्यत शहरातल्या हौशी मंडळींनी काढलेली नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोडीला ती असायची. ग्रासमिअर गावातली ‘गाइड्स रेस’ १८६८ पासूनची. मैदानातून सुटायचं, समोरच्या कड्यावर जायचं आणि त्याच मैदानात परत यायचं. गाइड म्हणजे डोंगरवाटा दाखवणारे स्थानिक. (आपल्याकडेही बोरघाटातली वाट इंग्रजांना शिंगरोबा धनगराने दाखवली असं सांगतात. वाट ठाऊक असणारा माणूस सगळीकडे मेंढरांमागचाच.) अशा लोकांना चढण्याइतकंच उतरणंही रोजचं होतं, म्हणून शर्यतीतही दोन्ही आलं. बक्षीस रोख असे. त्यावरून पुढे फूट पडली: पैशासाठी पळणाऱ्याला हौशी संघटनांच्या शर्यतींत मज्जाव, असं कित्येक दशकं चाललं.

यॉर्कशरमधल्या बर्नसॉलची शर्यत जेमतेम अडीच किलोमीटरची. अर्नेस्ट डाल्झेल या शिकाररक्षकाने १९१० मध्ये ती १२ मिनिटं ५९.८ सेकंदांत पुरी केली आणि तो विक्रम १९७७ पर्यंत टिकला. वाद झाला तो त्याच्या उतरण्यावर. इतक्या कमी वेळात माणूस खाली येईलच कसा, असा शंकेखोरांचा सवाल होता. १९८५ मध्ये इटलीत जागतिक पातळीवरची स्पर्धा सुरू झाली, तीही पुढे पाळीपाळीने खेळली गेली: एक वर्ष नुसता चढ, एक वर्ष चढ-उतार. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत हे तिथे मान्यच झालं म्हणायचं.

आपल्याकडे सायकलवाल्यांनी मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटासाठी ‘घाटाचा राजा’ हा किताब ठेवला. तो चढणाऱ्याला मिळतो, उतरणाऱ्याला नाही. धावपटू घाटात उशिरा आले. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून मागे फिरायचं आणि तोच घाट उतरायचा. डांबरी रस्ता असल्याने सोपं वाटतं, पण सलग उतार पाय सोलून काढतो.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना मात्र ताणला जात असतानाच भार पेलतो. या दुसऱ्या कामात त्याचे तंतू जास्त दुखावतात. म्हणून शर्यत संपताना माणूस बरा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोकलच्या पुलावरून उतरताना कठडा धरतो. दिलासा एवढाच, की एकदा नीट उताराचा सराव झाला की स्नायू पुढचे काही आठवडे तेवढे दुखावत नाहीत. तेव्हा असा एक सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी हवाच. शेवटच्या आठवड्यात केला तर दुखरे पाय घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहावं लागतं.

मुंबईत सोय आहे, ती नीट वापरली जात नाही. वीस मजले, मजल्याला तीन मीटर धरले तर एका खेपेत ६० मीटर, पाच खेपांत ३००. पण लोक जिना चढतात आणि लिफ्टने उतरतात! नेमका हवा तो अर्धा सराव वाया जातो. जिन्यावरून उतरताना धावायचं नाही, पायरी चुकवायची नाही. लय सांभाळली की पुरे. त्याच्या जोडीला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा सहा किलोमीटरचा रस्ता आहे. शेवटच्या टप्प्यात चढ आहे, येताना तोच उतार.

पायवाटेची शर्यत असेल तर प्रकरण वेगळं. डोंगराच्या सोंडेवरून उतरताना घसारा, म्हणजे सुट्या माती-खड्यांचा घसरडा उतार, लागला की शहरी धावपटू घाबरून मागे रेलतो आणि टाच रोवतो. वजन टाचेमागे गेलं की पायाखालचा मुरूम सरकतो आणि माणूस पाठीवर आपटतो. अंग उताराच्या दिशेला किंचित झुकवून, गुडघे सैल सोडून, पावलं आखूड आणि भराभर टाकायची. नजर बुटांवर नको, तीन-चार पावलं पुढे हवी. पावसाळ्यात ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथे बुटाचा खोल नक्षीचा तळही पकड धरत नाही. तिथे मुकाट चालावं. चढावरही तसंच: तीव्र चढाला गुडघ्यांवर हात टेकून चालणारा, धापा टाकत पळणाऱ्याच्या मागे पडतोच असं नाही.

बूट अर्ध्या मापाने मोठा, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून नाडी ओवून आधी एक छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून काढून मग गाठ मारायची. टाच जागेवर राहते, बोटं पुढे आदळत नाहीत. हे न केल्यास अंगठ्याचं नख काळं पडतं आणि काही आठवड्यांनी गळून येतं.