क्वीन मेरीच्या पोटात उतरण्यापूर्वी : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभ्या असलेल्या क्वीन मेरी या जुन्या प्रवासी बोटीची सहल आमच्याकडे बुक केली की एक-दोन दिवसांत फोन येतोच. “तो बंद पडलेला स्विमिंग पूल दाखवणार ना?” “बॉयलर रूमपर्यंत नेता ना?” आणि मग, जरा आवाज खाली आणून, “तुमची आत ओळख असेलच की!” सगळ्यांना तीच उत्तरं द्यावी लागतात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. निघायच्या आदल्या रात्री वाचा. गाडीत वाचू म्हणाल तर फ्रीवेवर गप्पाच होतात.

आधी किरकोळ गोष्टी उरकू. ही बोट कुठेही जात नाही. अजून प्रवासी घेऊन समुद्रावर फिरते ती क्वीन मेरी 2, ती वेगळी. आपली क्वीन मेरी 9 डिसेंबर 1967 ला लाँग बीचला आली ती कायमची. दगडी बांध घालून केलेल्या शांत पाण्यात ती उभी आहे. शेजारीच क्रूझचं टर्मिनल आहे, त्यामुळे क्रूझ सुटायच्या दिवशी पार्किंगला ही रांग लागते. त्या दिवशी आम्ही तासभर आधी निघतो. “इतक्या लवकर कशाला?” हे कृपया आम्हाला विचारू नका.

खाली आहे काय?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतं ते असं : अंधारे बोळ, गंजलेले प्रचंड बॉयलर, आणि सगळं जसंच्या तसं सोडून गेलेले खलाशी. निम्मं खरं आहे. बोळ आहेत, गंज तर भरपूर आहे. बॉयलर मात्र एकही नाही.

स्कॉटलंडच्या क्लाइडबँकला जॉन ब्राउनच्या गोदीत ही बोट बांधली. काम सुरू झालं 1930 च्या डिसेंबरात. वर्षभरात जागतिक मंदीने ते बंद पाडलं, ते 1934 च्या एप्रिलपर्यंत. तोवर अर्धवट सांगाडा तसाच उभा होता. 1936 च्या मे महिन्यात ती पहिल्या सफरीला निघाली तेव्हा तिच्या पोटात बोट चालवायला यारो पद्धतीचे 24 बॉयलर होते, आणि दिवाबत्ती, गरम पाणी वगैरेंसाठी आणखी 3. त्यांच्या वाफेवर दोन इंजिन रूममधले टर्बाइनचे चार संच फिरायचे आणि बोट पुढे ढकलणाऱ्या चार पंख्यांना (प्रोपेलरना) मिळून 1,60,000 अश्वशक्ती मिळायची.

लाँग बीच शहराने 34.5 लाख डॉलरला ती विकत घेतली आणि हॉटेल, संग्रहालय करायचं म्हणून खालचा बराचसा भाग रिकामा केला. सगळे बॉयलर कापून काढले. पुढची इंजिन रूम काढली, वीज तयार करायच्या खोल्या काढल्या. एवढं लोखंड बाहेर काढायला वाट हवी म्हणून तिन्ही धुरांडी उतरवली, तर ती हातातच ढासळली. वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनीच ती धरून ठेवली होती. आज दिसतात ती अ‍ॅल्युमिनियमची, नवी. मोकळ्या झालेल्या जागेत काही काळ फ्रेंच समुद्र-संशोधक जाक कूस्तो यांच्या कल्पनेतलं समुद्र-संग्रहालय होतं, तेही बंद पडलं. काही भाग प्रदर्शनांना मिळाला, बाकीचा तसाच राहिला.

त्यामुळे “बॉयलर रूम बघायला नेलं आणि तिथे बॉयलरच नव्हता” ही तक्रार आमच्याकडे करू नका. पोकळी हेच तिथलं दृश्य आहे. तळाशी उभं राहून मान वर केली की कित्येक मजले उंच लोखंडी भिंत दिसते. तिच्यावर रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा, कापून सोडलेल्या पाइपांची तोंडं, आणि जिथून पाणी झिरपलं तिथून खाली आलेले तांबूस ओघळ. अख्ख्या बोटीत असे एक कोटीच्या वर रिव्हेट आहेत. वरच्या चकचकीत लाकडी दालनात बसून हा आकडा ऐकला तर काही वाटत नाही, इथे वाटतं. आमच्या मते बोटीचा खरा आकार कळणारी जागा हीच, आणि नेमकी तिथेच लोक पाच मिनिटांत कंटाळतात, कारण भूत दिसलं नाही.

मागची इंजिन रूम मात्र शाबूत आहे. टर्बाइनची धुडं, जाडजूड गुंडाळलेले वाफेचे पाइप, आणि मधोमध चालकांचा चौथरा. त्यावर वाफ सोडायची मोठाली चाकं आणि समोर भिंतभर घड्याळांसारखे दाबमापक. वरच्या ब्रिजवरून, म्हणजे कप्तानाच्या खोलीतून, हुकूम यायचा तो इथे, आणि चाक फिरवणाऱ्याला समुद्र कधी दिसायचाच नाही. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले काका गटात असले की आमचं वेळापत्रक इथे हमखास कोलमडतं. त्यांना ओढून बाहेर काढावं लागतं. पण गाईडपेक्षा जास्त तेच सांगतात, म्हणून आम्ही फार घाई करत नाही.

त्याच्याही मागे पंख्याची पेटी. चारपैकी एकच पंखा जागेवर ठेवून त्याच्याभोवती बाहेरून लोखंडी खोली जोडली आहे. कठड्यावरून खाली वाकलं की पाण्यात बुडालेला, तीस टनांहून जड पंखा दिव्याच्या उजेडात दिसतो. लहान मुलं इथे एकदम गप्प होतात. कठड्यावर मोबाईल धरून फोटो काढणाऱ्यांनी मोबाईलची दोरी मनगटात अडकवावी, पडला तर तो परत मिळत नाही.

स्विमिंग पूलविषयी, कारण कोणी विचारल्याशिवाय राहत नाही

पहिल्या वर्गाचा पोहण्याचा तलाव आहे, कोरडा आहे, आणि कित्येक वर्षं वापरात नाही. मूळचा फार देखणा, शिंपल्यासारखं चमकणारं छत असलेला. दुसऱ्या महायुद्धात बोट करड्या रंगाने रंगवून सैनिकांच्या वाहतुकीला लावली तेव्हा या कोरड्या तलावातही झोपायचे बंक रचले होते. 1943 च्या जुलैत एकाच फेरीत 16,683 माणसं या बोटीने अटलांटिकपार नेली. कुठे झोपली असतील याचा विचार करा म्हणजे तलावाचं कोडं सुटेल.

तलाव दाखवायचा की नाही, दारातून की आत नेऊन, हे त्या त्या दिवशी बोटीचे लोक ठरवतात. आम्ही वचन देत नाही. जो देतो त्याच्याकडून लिहून घ्या.

भुतांबद्दल आम्ही तटस्थ आहोत. बोटीवाले स्वतःच भुतांच्या टूर चालवतात, हौस असेल तर त्याची तिकिटं काढून देतो. एवढंच सांगणं आहे की शाफ्टच्या, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या दांड्यांच्या, बोळातल्या 13 नंबरच्या जलरोधक दारात 1966 साली अठरा वर्षांचा एक खलाशी खरोखर चिरडून गेला. त्या दारात जीभ बाहेर काढून फोटो काढणं आम्हाला बरं वाटत नाही, आणि तसं आम्ही तोंडावर सांगतो.

“तुम्ही व्हा पुढे, मी आलोच”

आता मुख्य मुद्दा. आमच्या सहलींचा सर्वांत जास्त वेळ ट्रॅफिकमध्ये जात नाही, जेवणात जात नाही. तो या एका वाक्यात जातो.

गट एका बोळातून चाललेला असतो. बाजूला एक साखळी लावलेली असते, तिच्यापलीकडे अर्धवट उघडं दार. शेवटून दुसऱ्या माणसाला वाटतं, नुसतं डोकावून येऊ. साखळी काय, उचलली की झालं. दोन मिनिटांत परत. आणि माणूस दोन मिनिटांत परत येत नाही, कारण ही इमारत नाही, बोट आहे.

बोटीचं पोट आडव्या जलरोधक भिंतींनी कप्प्या-कप्प्यांत तोडलेलं असतं. एक कप्पा फुटला तर पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. त्यामुळे खालच्या मजल्यांवर शेजारच्या कप्प्यात सरळ जाता येत नाही. बऱ्याचदा एका जिन्याने वर चढायचं आणि दुसऱ्याने पुन्हा उतरायचं. डोकवायला गेलेला माणूस परतताना चुकीच्या जिन्याने चढतो आणि भलत्याच ठिकाणी निघतो. त्यात बोळ दोन्हीकडे सारखेच दिसतात. जमीनही सपाट नाही, बोटीच्या दोन्ही टोकांकडे ती चढत जाते. लांब बोळात उभं राहिलं तर पलीकडचं टोक दिसतच नाही. पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. फोन लावू म्हणाल, तर चारी बाजूंनी पोलाद आहे, रेंज नसते.

मग काय होतं ते सांगतो. गाईड माणसं मोजतो. एक कमी. तो तिथेच थांबतो, वॉकीटॉकीवर सुरक्षारक्षकांना कळवतो, आणि उरलेल्या सगळ्यांना वर आणतो. हरवलेले काका सापडतात, बहुधा लॉबीत कॉफी पीत, पण गटाची वेळ गेलेली असते. मागे दुसरा गट उभाच असतो. इंजिन रूम राहून जाते आणि पैसे परत मिळत नाहीत. गाडीतल्या परतीच्या प्रवासात त्या काकांशी कोणी बोलत नाही, हे वेगळंच.

साखळीपलीकडे काय आहे, हेही सांगून ठेवतो. त्या काळच्या बहुतेक बोटींत पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं आणि रंगात शिसं असायचं. उघड्या भागांची देखभाल होते. बंद भागांची हमी कोणीच देत नाही. कुठे पत्रा आतून खाल्लेला, कुठे झाकण नसलेलं भोक, दिवा नाही. 2021 च्या पाहणीत तातडीच्या दुरुस्त्यांचाच खर्च 2.3 कोटी डॉलर सांगितला होता. त्याच वर्षी शहराने कारभार पुन्हा आपल्या हातात घेतला, पुढे मोडकळलेल्या लाइफबोटी उतरवल्या, पाणी उपसायचे पंप नवे बसवले, आणि 2023 च्या एप्रिलपासून लोकांना पुन्हा आत सोडलं. एवढा पैसा ओतून जे अजून उघडलेलं नाही, ते उगीच बंद नसणार.

म्हणून “आत ओळख” या विषयावर आमचं उत्तर : ओळख आहे, आणि ती टिकवायची आहे. बोटीच्याच गाईडबरोबर, बोटीच्याच तिकिटावर आम्ही खाली जातो. स्वस्तात ‘सीक्रेट टूर’ करून देणारे भेटतात. खुशाल जा, पण नंतर आमच्याकडे बाकीची अर्धी बोट बघायला याल तेव्हा पूर्ण पैसे पडतील.

वर अर्धा तास का बोलतो

“गाईड आहे ना, मग तुम्ही डेकवर उभं करून एवढं का सांगता?” हेही ऐकतो. खाली गाईड इंग्रजीत, भरभर, चालता चालता बोलतो, आणि लोखंडी पोकळीत आवाज घुमतो. आई-बाबांना त्यातलं निम्मं कळत नाही आणि ते संकोचाने विचारत नाहीत. म्हणून आधी वर, उन्हात, बसून मराठीत सगळं सांगतो. 1940 साली ऑस्ट्रेलियन सैनिकांना घेऊन हीच बोट मुंबईला आली होती, थंड अटलांटिकसाठी बांधलेली बोट आपल्याकडच्या उकाड्यात. हे ऐकल्यावर आजोबा मंडळी खाली उतरताना वेगळ्याच नजरेने बघतात. ज्यांनी हा अर्धा तास चुकवला ते खाली आमच्या कानात कुजबुजत राहतात आणि गाईडचं ऐकू येत नाही.

बूट, गुडघे, पदर

बंद बूट घाला. चपला, सँडल, क्रॉक्स चालत नाहीत. खालच्या पायऱ्या जाळीच्या आणि खड्या आहेत. साडीला हरकत नाही, पण पदर खोचून घ्या, कठड्यांच्या बोल्टांत अडकतो. पाठीवरची मोठी बॅग गाडीत ठेवा.

गुडघे कुरकुरत असतील तर लाजू नका, आधी सांगा. आमच्या प्रत्येक गटाबरोबर दोन माणसं असतात ती यासाठीच : एक खाली जातो, दुसरा वर थांबलेल्यांना फिरवतो. दर थोडा जास्त वाटतो तो या दुसऱ्या माणसामुळे. वरही पाहण्यासारखं खूप आहे. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात भिंतीवर अटलांटिकचा प्रचंड नकाशा आहे, त्यावर स्फटिकाची छोटी बोट सरकत सरकत आपण कुठवर आलो ते दाखवायची. सबंध बोटीत 56 जातींचं लाकूड वापरलं आहे. फर्निचरचा धंदा केलेल्या एका काकांनी खाली यायला साफ नकार देऊन तो सगळा वेळ दारांच्या चौकटींवर हात फिरवण्यात घालवला, आणि त्यांचा दिवस आमच्या मते सर्वांत चांगला गेला.

रात्री बोटीवरच्या हॉटेलात राहायचं असेल तर महिनाभर आधी सांगा. खोल्या म्हणजे जुन्या केबिनच. गोल खिडकीची हवी असेल तर तेही आधीच सांगा.

गटात दहाच माणसं घेतो. “एकच तर आहे हो, लहान आहे” असं म्हणून अकरावा आणला तर त्याला पुढच्या तारखेपर्यंत थांबावं लागेल. नावं, वयं, बुटांची खात्री आणि गुडघ्यांची अवस्था आठवडाभर आधी कळवा. चहा-थालीपीठ परतीच्या वाटेवर आमच्याकडून.