पार्श्वभूमी : डेली डील आणि खोडलेल्या किमतीचा वाद

डेली डील, म्हणजे रोज थोड्या वेळापुरती मोठी सूट देणाऱ्या संकेतस्थळांबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षे दोनच आहेत. दाखवली तेवढी सूट नव्हतीच, ही एक. पैसे घेतल्यावर विक्रेत्याने दाद दिली नाही, ही दुसरी. पहिली तक्रार जाहिरातींच्या नियमांखाली जाते, दुसरी परताव्याच्या. त्यामुळे दोन्हींचा उगम एकाच हिशेबात आहे, हे सहसा नजरेआड होते.

सामुदायिक खरेदीची, म्हणजे अनेकांनी मिळून घेऊन किंमत उतरवण्याची, पहिली संकेतस्थळे १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आली आणि डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा, फुगा फुटल्यावर गुंडाळली गेली. २००४ मध्ये टेक्ससमधल्या एका संकेतस्थळाने रोज एकच वस्तू विकायला सुरुवात केली. माल स्वतः विकत घेऊन विकायचा असल्याने जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिथे नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्ये शिकागोतल्या एका कंपनीने दोन्ही कल्पना जोडल्या : रोज एक डील, आणि ठरावीक संख्येने ग्राहक जमले तरच ती लागू. पहिली डील तिच्याच इमारतीतल्या बारमधल्या पिझ्झाची होती. माल मात्र आता दुसऱ्याचा होता, आणि संकेतस्थळ फक्त कूपन विकत होते. दोन-तीन वर्षांत जगभर नकला निघाल्या. एकट्या चीनमध्ये हजारो.

व्यवहार साधारण असा चाले. विक्रेत्याने किंमत किमान निम्मी करायची, आणि आलेल्या रकमेतला निम्म्याच्या जवळपास वाटा संकेतस्थळाने ठेवायचा. म्हणजे शंभराच्या सेवेमागे विक्रेत्याच्या हाती पंचवीस ते तीस. २०११ मध्ये शेअर बाजारात येताना शिकागोच्या कंपनीला स्वतःचाच हिशेब सुधारावा लागला, तेव्हा हे आकड्यांत दिसले. कूपनची पूर्ण रक्कम महसूल म्हणून दाखवल्यामुळे २०१०चा महसूल सुमारे ७१.३ कोटी डॉलर दिसत होता. विक्रेत्यांचा वाटा वजा केल्यावर तो ३१.३ कोटींवर आला. इतरांच्या फुगवलेल्या किमती छापणाऱ्या कंपनीचा स्वतःचा आकडाही फुगलेला निघावा, हा योगायोग म्हणून सोडून देऊ.

पाव किमतीत धंदा कोणाला परवडतो? ज्याच्या खुर्च्या किंवा खोल्या एरवी रिकाम्याच राहणार, त्याला. नवे ग्राहक टिकतील या आशेवर तोटा सोसणाऱ्याला, काही दिवस. आणि ज्याने साठाच्या वस्तूवर आधीच शंभर लिहिले आहेत, त्याला कायम. चौथा प्रकार म्हणजे पुढची चिंता न करता आज रोकड उचलणारा. प्रामाणिक दुकानदार एकदा पोळला की परत फिरकत नाही. उरणाऱ्यांत तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराचे प्रमाण वाढणे हा या रचनेचाच परिणाम होता. ‘काही वाईट विक्रेते घुसले’ हा संकेतस्थळांचा खुलासा म्हणूनच अपुरा वाटतो.

जानेवारी २०११ मध्ये जपानात हे सगळे एकाच प्रकरणात दिसले. नववर्षाच्या पारंपरिक जेवणाचे डबे ‘२१,००० येनचे, आज १०,५०० येनला’ म्हणून विकले गेले. ५०० डबे खपले. अनेकांना ते उशिरा मिळाले, काहींत जाहिरातीतले पदार्थच नव्हते. आठवड्याभरात छायाचित्रे देशभर फिरली आणि ते विकणाऱ्या शिकागोच्या त्याच कंपनीच्या प्रमुखाला अमेरिकेतून व्हिडिओद्वारे माफी मागावी लागली. निकृष्ट जेवणाची चर्चा झाली तितकी दुसऱ्या मुद्द्याची झाली नाही. तो डबा २१,००० येनला कधी विकलाच गेला नव्हता. ग्राहक खात्याने फेब्रुवारीत डबे पुरवणारे हॉटेल चालवणाऱ्या कंपनीवर आदेश काढला, त्यात हा आक्षेपही होता.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये उलट टोकाचे उदाहरण घडले. एका छोट्या बेकरीने डझनभर कपकेकवर ७५ टक्के सूट दिली, ८,५०० लोकांनी ती घेतली आणि तिला १,०२,००० केक करावे लागले. वर्षाचा नफा त्यात गेला. इथे सूट खरी होती, विक्रेताही खरा होता. मर्यादा घालण्याची गरज मात्र कोणाला वाटली नव्हती.

ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने वर्षभराच्या आत शिकागोच्या कंपनीची पन्नासच्या आसपास उल्लंघने नोंदवून प्रकरण व्यापार नियामकाकडे धाडले. मार्च २०१२ मध्ये कंपनीने लेखी हमी दिली : मूळ किंमत खरी असेल, विक्रेता तेवढा पुरवठा करू शकतो का हे आधी तपासले जाईल, आरोग्य आणि सौंदर्याच्या दाव्यांना पुरावा असेल, परतावा नियमानुसार मिळेल. बदलांसाठी तीन महिने दिले गेले. दंड नव्हता. यावर तेव्हाही टीका झाली, पण विक्रेत्याची पडताळणी ही मध्यस्थाची जबाबदारी मानली गेली, हे त्या हमीचे महत्त्व.

आता त्या ‘मूळ किमती’कडे वळू, कारण अर्ध्याअधिक वाद तिथेच अडतात. खोडून दाखवलेला आकडा नेमका कशाचा असतो? काल याच विक्रेत्याने घेतलेली किंमत, उत्पादकाने सुचवलेली किंमत, इतर दुकानांतला भाव, की संचातल्या वस्तूंची सुटी बेरीज? रेघ सगळ्यांवर एकच मारली जाते.

इंटरनेटच्या कितीतरी आधी हा घोळ ओळखला गेला होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या १९६४च्या मार्गदर्शक सूचनांत फाउंटन पेनचे उदाहरण आहे. दुकानदाराला पेन ५ डॉलरला पडते आणि तो ते नेहमी साडेसातला विकतो. काही दिवस तो १० डॉलर लावतो, कोणी घेत नाही, त्याचीही हरकत नाही. मग ‘१० होते, आता फक्त साडेसात’ अशी जाहिरात करतो. ही फसवणूक आहे, असे त्या सूचना सांगतात. आधीची किंमत पुरेसा काळ, उघडपणे आणि विकण्याच्या खऱ्या हेतूने लावलेली असली पाहिजे. ‘पुरेसा काळ’ म्हणजे किती, हे मात्र मोघम ठेवले गेले. ब्रिटनच्या १९६८च्या कायद्याने आकडा दिला : मागच्या सहा महिन्यांत सलग २८ दिवस. सोबत पळवाटही दिली, कारण ‘ही अट पाळलेली नाही’ असा उलट खुलासा छापला की अट लागू होत नसे. दुकानदारांनी बारीक अक्षरांत खुलासे छापायला वेळ लावला नाही.

ऑनलाइन विक्रीत हे कुठवर जाऊ शकते, ते कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात दिसले. अंगणातल्या टेबल-खुर्च्यांच्या संचावर ९९९ डॉलर खोडून ४४९ लिहिले होते. ग्राहकाने खोका उघडला तर आत दुसऱ्या दुकानाची २४७ डॉलरची चिठ्ठी. न्यायालयाने २०१४ मध्ये ६८ लाख डॉलर दंड ठोठावला, २०१७ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. काही तुलनात्मक किमती सूत्राने काढलेल्या किंवा भलत्याच वस्तूच्या होत्या.

डेली डीलमध्ये अडचण आणखी एक पायरी पुढे जाते. वरचे सगळे नियम ‘ही वस्तू आधी किती किमतीला विकली?’ असे विचारतात, आणि डील बहुतेकदा अशा गोष्टीची असते जी आधी विकलीच गेलेली नाही. मसाज, फेशियल आणि केस कापणे यांचा संच त्या एका डीलसाठी जन्माला येतो. त्याला भूतकाळ नसतो, म्हणून त्याची मूळ किंमत विक्रेता सांगेल तीच.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये दुरुस्ती करून २८ मे २०२२ पासून कडक अट लावली : सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. सदैव सवलतीत असलेल्या वस्तूची सूट यात आपोआप शून्यावर येते. काही विक्रेत्यांनी ती किंमत तळटीपेत टाकून टक्केवारी मात्र दुसऱ्याच आकड्यावरून काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये संघाच्या न्यायालयाने केळी-अननसांच्या जाहिरातीवरून हा मार्ग बंद केला. टक्केवारीही त्याच नीचांकावरून काढायची. पण हा नियम वस्तूंचा आहे, सेवांना लागू नाही. म्हणजे ज्या मसाज-फेशियलवर हा धंदा उभा राहिला, ते त्याच्या कक्षेबाहेरच.

दरम्यान धंद्याचे रूप बदलले. २०११पासून कूपनांसोबत वस्तू आल्या, आणि हॉटेल-पार्लरऐवजी पत्ता नसलेले विक्रेते. कूपनधारकाला निदान भांडायला एक दार तरी होते. विक्रेत्याची ओळख तपासण्याची सक्ती कायद्यात यायला पुढे दशक गेले. अमेरिकेत जून २०२३ पासून मोठ्या संख्येने नवा माल विकणाऱ्यांचे बँक आणि कर तपशील बाजारपेठांना तपासावे लागतात. युरोपात फेब्रुवारी २०२४ पासून तशीच तरतूद आहे.

उलटी मोजणी करणारी घड्याळे हा याच काळातला शेवटचा वाद. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एका डील संकेतस्थळाची चौकशी केली, तेव्हा घड्याळ शून्यावर गेल्यावरही बहुतेक वस्तू त्याच किंवा कमी किमतीत मिळत असल्याचे आढळले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने घड्याळे बदलण्याची हमी दिली. शिवाय आधीच टिक केलेल्या चौकटीमुळे सशुल्क सदस्य झालेल्या ८ लाख ७० हजारांहून अधिक ग्राहकांना मिळून ४० लाख पौंडांहून जास्त रक्कम देण्याचे तिने मान्य केले. ती त्याच संकेतस्थळावरच्या क्रेडिटच्या रूपात.