कॅम्पस कॅरी : नियम करण्याची मुभा, नाही म्हणण्याची नाही

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून पिस्तुलाचा परवाना असलेला माणूस ते कपड्यांआड लपवून वर्गात बसू शकतो. यालाच ‘कॅम्पस कॅरी’ म्हणतात. त्याआधी कॅम्पसवर शस्त्र येतच नव्हते, असा समज बातम्या वाचून होतो. तो खरा नाही. १९९५ मध्ये राज्याने छुप्या पिस्तुलाचे परवाने देण्याचा कायदा केला, तेव्हापासूनच परवानाधारकाला कॅम्पसवरचे रस्ते, पदपथ आणि वाहनतळ सर्वसाधारणपणे खुले होते. बंदी होती ती इमारतींत. टेक्सासच्या फौजदारी कायद्यात ‘प्रिमायसेस’ म्हणजे इमारत किंवा इमारतीचा भाग. रस्ते, पदपथ आणि पार्किंग त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. २०१३ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि परवानाधारक विद्यार्थ्याने कॅम्पसवर उभ्या केलेल्या स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवले, तरी विद्यापीठाला हरकत घेता येईना. दाराबाहेरपर्यंत आलेले पिस्तूल दाराच्या आत येऊ द्यायचे का, एवढाच प्रश्न २०१५ साली उरला होता. त्याचे उत्तर विधिमंडळाने ‘हो’ असे दिले, पण ते सरळ न देता विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या तोंडून वदवून घेतले. या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

विद्यापीठ आणि बंदूक यांचे वैर अमेरिकेत जुने आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ४ ऑक्टोबर १८२४ रोजी विद्यार्थ्यांसाठी जे नियम केले, त्यांत दारू, घोडा, कुत्रा आणि नोकर यांच्याबरोबरच कोणतेही शस्त्र व बंदुकीची दारू आवारात आणायला मनाई होती. हा नियम करणाऱ्यांत देशाचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांतल्या एकाचा शस्त्रहक्काची घटनादुरुस्ती लिहिण्यात मोठा वाटा होता. तरीही १८४० मध्ये त्याच आवारात तोंडाला मुखवटा लावलेल्या विद्यार्थ्याने कायद्याच्या प्राध्यापकावर गोळी झाडली आणि दोन दिवसांनी ते वारले.

खुद्द टेक्सास राज्याचा इतिहासही काउबॉयच्या चित्रपटांतून दिसतो तसा नाही. प्रवासी वगैरे काही अपवाद सोडले तर घराबाहेर पिस्तूल जवळ बाळगणे १८७१ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. ही बंदी थोडीफार बदलत १९९५ पर्यंत टिकली, म्हणजे सव्वाशे वर्षे. ती मोडली किलीन गावातल्या हत्याकांडाने. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी तेथील एका कॅफेटेरियात एकाने २३ जणांना ठार मारले. त्यात आई आणि वडील दोघांनाही गमावलेली एक स्त्री पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिली की, तिचे पिस्तूल त्या दिवशी बाहेर गाडीत होते आणि कायदा पाळायचा म्हणूनच तिने ते तिथे ठेवले होते. तिच्या साक्षीला उत्तर देणे कोणालाच सोपे गेले नाही. १९९३ चा प्रयत्न गव्हर्नरच्या नकाराधिकाराने अडला. पुढच्या निवडणुकीत गव्हर्नर बदलले आणि १९९५ मध्ये कायदा झाला.

राज्याची राजधानी ऑस्टिनची जखम त्याहून जुनी आहे. १ ऑगस्ट १९६६ रोजी तेथील विद्यापीठाच्या मनोऱ्याच्या २८ व्या मजल्यावरून एका माजी मरीन सैनिकाने सुमारे दीड तास गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक जीव गेले. त्या दिवशी काही विद्यार्थी आणि शहरातले लोक घरून, गाडीतून शिकारीच्या रायफली घेऊन आले आणि त्यांनी खालून मनोऱ्यावर गोळीबार केला. कॅम्पस कॅरीचे समर्थक हा प्रसंग नेहमी सांगतात : लोक सशस्त्र होते म्हणून मारेकऱ्याला आडोशाला जावे लागले. विरोधकांकडे त्याच दिवसातला दुसरा आवाज आहे. गोळी लागून पोटातले बाळ गमावलेली अठरा वर्षांची विद्यार्थिनी वाचली, आणि जवळपास पन्नास वर्षांनी विधिमंडळापुढे या कायद्याच्या विरोधात बोलली. कायदा लागू झाला तो नेमका त्या हत्याकांडाच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी. त्याच दिवशी विद्यापीठाने मृतांच्या नव्या स्मारकशिळेचे अनावरण केले आणि मनोऱ्याचे घड्याळ ११ वाजून ४८ मिनिटांवर चोवीस तास थांबवून ठेवले. तारखेचा हा योगायोग टाळणे विधिमंडळाला सहज शक्य होते. तो टाळला गेला नाही, याचा राग ऑस्टिनमधल्या अनेकांच्या मनात राहिला आणि मला तो रास्त वाटतो.

आजच्या वादाला वळण लागले ते १६ एप्रिल २००७ नंतर. व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांची हत्या झाली आणि परवानाधारकांना कॅम्पसवर पिस्तूल बाळगू द्या, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना देशभर उभी राहिली. कमरेला रिकामे होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, लावून वर्गात बसणे ही त्यांची निषेधाची रीत. त्याआधीच, २००६ मध्ये, युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्य विद्यापीठाची बाजू फेटाळून विद्यापीठाला स्वतःची बंदूकबंदी ठेवता येणार नाही असे सांगितले होते. २०१२ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. दोन्ही निकालांमध्ये घटनेतल्या शस्त्रहक्कावर मुख्य भर नव्हता. मुद्दा इतकाच होता की राज्याने एखाद्या विषयात कायदा केला, तर विद्यापीठाच्या स्वायत्ततेला त्यात कितपत जागा उरते.

टेक्सासमध्ये हे विधेयक २००९, २०११ आणि २०१३ अशा लागोपाठच्या अधिवेशनांत कुठे ना कुठे अडकत राहिले. ते २०१५ मध्ये मार्गी लागण्याचे कारण सभागृहाच्या कामकाजाच्या नियमात आहे. ३१ सदस्यांच्या सिनेटमध्ये विधेयक चर्चेला घ्यायला दोन तृतीयांश, म्हणजे २१ मते लागत. जानेवारी २०१५ मध्ये ही अट तीन पंचमांशांवर, १९ वर आणली गेली. बहुमतातल्या पक्षाकडे २० जागा होत्या. त्याच महिन्यात राज्यातल्या सर्वांत मोठ्या विद्यापीठ समूहाच्या प्रमुखांनी पत्र लिहून विधेयकाला विरोध केला. हे गृहस्थ निवृत्त अ‍ॅडमिरल, बिन लादेनवरील कारवाईची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते. बंदुकीला घाबरणारा प्राध्यापक असा शिक्का त्यांच्यावर मारता येत नव्हता. तरी विधेयक पुढे गेले.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत मात्र तडजोड झाली आणि त्या तडजोडीतून कायद्यात दोन वाक्ये आली. पहिले असे : विद्यार्थी, कर्मचारी आणि अध्यापक यांच्याशी चर्चा करून विद्यापीठाचे अध्यक्ष ‘वाजवी’ नियम करू शकतात, विद्यार्थ्यांचे स्वरूप, सुरक्षिततेचा विचार आणि कॅम्पसचे वेगळेपण लक्षात घेऊन काही जागा वगळू शकतात. दुसरे असे : परवानाधारकांना कॅम्पसवर सरसकट मनाई करणारे, किंवा ज्यांचा परिणाम सरसकट मनाईसारखा होईल असे नियम त्यांना करता येणार नाहीत. खासगी विद्यापीठांना मात्र चर्चा करून कायद्यातून बाहेर पडण्याची पूर्ण मोकळीक होती, आणि ह्यूस्टन, डलस, वेको इथल्या नामांकित संस्थांसह जवळजवळ सगळी बाहेर पडली. धार्मिक संस्थाही, सनातनी वळणाच्या संस्थाही. ज्यांना निवड करता आली, त्यांनी काय निवडले हे इतके स्पष्ट असताना सरकारी विद्यापीठांनी कायदा मनापासून स्वीकारला असे म्हणण्याला काही आधार उरत नाही.

ऑस्टिनच्या विद्यापीठाने १९ जणांची समिती नेमली. तिच्यात अध्यापक, विद्यार्थी, पालक, कर्मचारी होते. परवानाधारक आणि बंदूकमालकही होते. डिसेंबर २०१५ च्या अहवालात समितीने लिहिले की, वर्गात पिस्तूल नसणेच उत्तम असे आमच्यातल्या प्रत्येकाला वाटते. आणि त्याच अहवालात वर्गात पिस्तुलाला परवानगी देण्याची शिफारस केली. हा विरोधाभास समितीच्या भित्रेपणातून आलेला नव्हता. विद्यार्थी कॅम्पसवर येतो तो मुख्यतः वर्गासाठी. वर्ग वगळला तर त्याला पिस्तूल घेऊन कॅम्पसवर येण्याचे कारणच उरत नाही, आणि मग तो नियम ‘सरसकट मनाईच्या परिणामा’त मोडतो. दुसरा विचार अपघाताचा होता. वर्गात बंदी ठेवली, तर माणूस दिवसातून चार-पाच वेळा पिस्तूल काढणार, कुठेतरी ठेवणार, पुन्हा लावणार. आणि नकळत गोळी सुटते ती अशाच हाताळणीत. कॅम्पसवर पिस्तुलांसाठी लॉकर बसवण्याची सूचना समितीने याच कारणाने नाकारली. त्याच डिसेंबरात राज्याच्या महाधिवक्त्यांनी मत दिले की वर्गांवरची बंदी कायद्याविरुद्ध ठरेल, एकेकट्या प्राध्यापकाला आपल्या वर्गापुरती बंदी घालता येणार नाही आणि वसतिगृहांवरची बंदीही चालणार नाही, कारण वसतिगृहात पिस्तूल कसे ठेवावे याचे नियम करण्याची तरतूद कायद्यातच आहे.

हे मत बंधनकारक नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये अध्यक्षांनी धोरण जाहीर केले. आपण हे समाधानाने करत नाही हे त्यांनी लपवले नाही. वर्ग खुले झाले. वसतिगृहे मात्र सामान्यतः बंद राहिली, भेटीला आलेले पालक आणि सामायिक जागा असे अपवाद ठेवून. पिस्तूल ट्रिगर झाकणाऱ्या होल्स्टरमध्येच असले पाहिजे असा दंडक आला. आणि आणखी एक नियम आला, ज्यावरून सर्वांत जास्त रस्सीखेच झाली : सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी नसावी. मॅगझिन भरलेले चालेल, पण पहिली गोळी नळीमागे चढवलेली नको. पिस्तूल पडले, पिशवीत अडकले, कोणाच्या हातून चुकून दाबले गेले, तरी गोळी सुटणार नाही, असा हा साधा हिशेब. समर्थकांचे म्हणणे होते की स्वसंरक्षणाच्या क्षणी चेंबरमध्ये गोळी चढवण्यासाठी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायला वेळ आणि दुसरा हात कुठून आणायचा. शिवाय कॅम्पसच्या वेशीवर रोज चेंबर रिकामे करणे हीच धोक्याची हाताळणी. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात तथ्य होते. पण निर्णय युक्तिवादाने झाला नाही. अध्यक्षांचा नियम दोन तृतीयांश मतांनी बदलण्याचा अधिकार कायद्याने नियामक मंडळाला दिला होता, आणि या मंडळाचे सदस्य गव्हर्नर नेमतात. जुलै २०१६ मध्ये, कायदा लागू व्हायला तीन आठवडेही उरले नसताना, मंडळाने तो नियम काढून टाकला. महिनोन्‌महिने बैठका घेऊन, जाहीर सभा घेऊन, हजारो सूचना वाचून केलेल्या धोरणात ‘विद्यापीठाचा स्वतःचा’ म्हणावा असा हाच एक नियम होता. नियम करण्याचा अधिकार अध्यक्षांकडे किती होता, ते त्या दिवशी समजले.

सप्टेंबर २०१६ मध्ये, सत्र सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना, स्टीफनव्हिल इथल्या एका सरकारी विद्यापीठाच्या वसतिगृहात परवानाधारक विद्यार्थ्याच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली. कोणाला इजा झाली नाही. तेथील विद्यापीठ समूहाने वसतिगृहात पिस्तुलाला मुभा दिली होती. त्याच्या दोन वर्षे आधी आयडाहोत, तेथील कायदा लागू होऊन दोनच महिने झाले असताना, एका प्राध्यापकाच्या खिशातल्या पिस्तुलातून भर वर्गात गोळी सुटून त्याच्याच पायात घुसली होती. हत्याकांडांची भीती वादात सतत पुढे असते. असे किरकोळ वाटणारे प्रसंग मात्र कोणी धरून बसत नाही.

ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. सशस्त्र श्रोत्यांपुढे वादग्रस्त विषय मोकळेपणाने शिकवता येत नाही, म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो, असा त्यांचा मुख्य दावा. ही भीती हवेतली नव्हती. ह्यूस्टनमध्ये अध्यापकांच्या एका बैठकीत नाजूक विषय जपून हाताळा, गरज वाटल्यास काही विषय अभ्यासक्रमातून गाळा, अशा सूचना पडद्यावर दाखवल्या गेल्या होत्या. पण अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दावा फेटाळला. भीती खरी असली, तरी ती इतर लोक पुढे काय करतील या अंदाजावर उभी आहे आणि तेवढ्याने कायदेशीर हानी सिद्ध होत नाही, हा त्याचा सार. वर्गात कोणाकडे पिस्तूल आहे हे कळू नये अशीच कायद्याची रचना. आणि कोणाकडे आहे ते सांगता येत नाही म्हणून भीती अंदाजाची. या पेचातून प्राध्यापिकांना वाटच नव्हती.

दरम्यान इतर राज्ये आपापल्या वाटेने गेली. कॅन्ससने विद्यापीठांना दिलेली चार वर्षांची सूट २०१७ मध्ये संपली आणि तोवर तिथे परवान्याची अटही गेली होती. टेनेसीने २०१६ मध्ये फक्त पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना मुभा दिली, विद्यार्थ्यांना नाही. जॉर्जियाच्या गव्हर्नरनी २०१६ मध्ये १८२४ च्या त्याच व्हर्जिनियातल्या ठरावाचा दाखला देत विधेयक नाकारले आणि पुढच्या वर्षी अपवादांची यादी वाढवून आलेल्या विधेयकावर सही केली. वेस्ट व्हर्जिनियात कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला. उलट मिशिगनमध्ये अपील न्यायालयाने २०२३ मध्ये विद्यापीठाची बंदी उचलून धरली.

टेक्सासमध्ये कायद्याचा मजकूर फारसा बदललेला नाही, त्याच्याभोवतीचे नियम बदलले. सप्टेंबर २०२१ पासून राज्यात एरवी विनापरवाना पिस्तूल बाळगता येते. कॅम्पसच्या इमारतीत मात्र परवाना अजून लागतो. २०१५ मध्ये विरोधकांना दिलेले मोठे आश्वासन वयाचे होते : परवाना २१ व्या वर्षी मिळतो, म्हणजे पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी बाहेरच. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने १८ ते २० वयोगटावरची बंदी घटनाबाह्य ठरवली आणि डिसेंबरात राज्याने अपील मागे घेतले. वसतिगृहांवरच्या बंदीमागचा एक मुख्य आधारही हाच होता की तिथे राहणारे बहुतेक जण २१ च्या आतले असतात.

ऑस्टिन, डलस, कॉलेज स्टेशन इथे पुण्या-मुंबईहून शिकायला जाणारी मुले या साऱ्यात कुठे बसतात, हेही सांगायला हवे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने, शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद सोडता, पिस्तूल जवळ ठेवताच येत नाही. टीचिंग असिस्टंट म्हणून त्यांतले अनेक जण वर्ग मात्र घेतात. ऑस्टिनच्या धोरणानुसार, ज्याला स्वतंत्र केबिन आहे तो अध्यापक तिथे येणाऱ्याला तोंडी सांगून पिस्तूल बाहेर ठेवायला लावू शकतो. टीचिंग असिस्टंट बहुधा एका खोलीत तिघे-चौघे बसतात. त्यांना ही मुभा नाही.