खून पाहिला होता, की वाचला होता?

आधी हे शब्द सावकाश, एकदाच वाचा: पलंग, उशी, चादर, जांभई, घोरणे, अंगाई, डुलकी, स्वप्न, पहाट. वाचलेत? आता सोडून द्या.

रहस्यकथेचा निवेदक पुस्तकविक्रेता असला की मी सावध होतो. गल्ल्यामागे बसून या माणसाने शेकड्याने खून वाचलेले असतात. मग पोलीस विचारतात, त्या रात्री कुठे होतात? तो सांगू लागतो: पाऊस होता, जिन्यातला दिवा गेलेला, वर कुणीतरी पाय ओढत चालत होतं. शंभरेक पानांनंतर कळतं, तो जिना त्याच्याच कपाटातल्या एका कादंबरीतला. लेखकाने फसवलं म्हणून आपण चिडतो. पण या माणसाने खोटं बोलायचं ठरवलेलंच नसेल, तर?

आठवणीसोबत ती कुठून आली याची चिठ्ठी नेहमीच शाबूत राहते असं नाही. मार्शा जॉन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार मेंदू उगम बऱ्याचदा नंतर अंदाजाने ठरवतो. आवाज, वास, जागा असे तपशील भरपूर असले की 'हे घडलेलं' असा कौल पडतो. आता गंमत बघा, नेमके हेच तपशील पेरणं हा रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा धंदा!

२००३ मध्ये एलिझाबेथ मार्श आणि सहकाऱ्यांनी लोकांना छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. त्यांत काही चुकीची माहिती मुद्दाम घातली होती. पुढे सामान्यज्ञानाच्या चाचणीत अनेकांनी तीच चूक उत्तर म्हणून लिहिली. त्याहून मजेशीर म्हणजे, हे आपल्याला आधीपासूनच माहीत होतं, असंही काहींनी सांगितलं. माहिती राहिली, चिठ्ठी गळून पडली.

मात्र चिठ्ठी जागेवर असली, तर हेच वाचन जीव वाचवतं. अगाथा ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम केलं होतं, विषांची त्यांना चांगली जाण होती. 'द पेल हॉर्स' या १९६१ च्या कादंबरीत त्यांनी थॅलियम वापरलं. हा धातू शरीरात पोटॅशियमची जागा बळकावतो, त्याने नसा बिघडतात, केस गळतात. १९७७ मध्ये कतारहून लंडनला आणलेल्या एका तान्ह्या मुलीचा आजार डॉक्टरांना उमगत नव्हता. तिच्या शुश्रूषेतली नर्स त्या दिवसांत हीच कादंबरी वाचत होती. केस गळताना दिसले आणि तिने थॅलियमची शंका काढली. तपासणीत ती खरी ठरली, मुलगी सुधारली. पुस्तक हातात ताजं होतं, म्हणून 'हे मी कुठे वाचलं' हा प्रश्नच आला नाही. वीस वर्षांनी तीच नर्स काय सांगती, कुणास ठाऊक.

आता वर न बघता सांगा: सुरुवातीच्या यादीत 'उशी' होती? 'झोप' होती?

१९९५ मध्ये हेन्री रोएडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी अशाच याद्या वाचून दाखवल्या. सगळे शब्द एकाच न उच्चारलेल्या शब्दाभोवती फिरणारे. पहिल्या प्रयोगात सुमारे ४० टक्के वेळा ऐकणाऱ्यांनी तो शब्दही यादीत लिहून टाकला. चुकून नव्हे, बऱ्याच वेळा अगदी खात्रीने. 'झोप' वर नाही. बघा हवं तर.