आर्मर क्लास

आर्मर क्लास : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या परंपरेतील टेबलावर खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य रोल-प्लेइंग (पात्र वठवण्याच्या) खेळांत, समोरच्यावर वार लागणे किती अवघड आहे हे सांगणारा अंक. खेळाडूंत तो ‘एसी’ या नावानेच चालतो. हल्ला करणारा वीसपैलू फासा टाकतो आणि दान ठरलेल्या अंकाला पोचले की वार लागला असे धरतात. नियम एवढ्या एका वाक्यात बसतो. तरीही शस्त्र आणि चिलखत यांच्या नात्याविषयी या खेळात झालेले बहुतेक वाद याच अंकापाशी येऊन थांबतात.

उगम : या अंकाच्या जन्माच्या दोन हकिकती प्रचलित आहेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या नावे तीन पुस्तिकांच्या रूपात निघाला. 2004 मधील एका मुलाखतीत आर्नसन यांनी सांगितले, की हिट पॉइंट (किती इजा सोसता येते तो अंक) आणि आर्मर क्लास या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच्या आधीच्या, अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी जहाजांच्या खेळातून घेतल्या. पुढे या हकिकतीला एक जोड मिळाली : आरमारात ‘पहिला वर्ग’ म्हणजे सर्वांत भक्कम, म्हणून खेळातही अंक जितका लहान तितके संरक्षण जास्त. या ओघात बरेच जण ‘डोन्ट गिव्ह अप द शिप’ (1972) या नियमपुस्तिकेकडे बोट दाखवतात. ती शिडाच्या जहाजांची आहे, त्यामुळे चिलखती जहाजांच्या वर्गवारीचा पुरावा म्हणून ती फारशी उपयोगी नाही.

दुसरी हकिकत ‘चेनमेल’ची. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ही मध्ययुगीन युद्धखेळाची पुस्तिका 1971 मध्ये आली. तिच्यातील द्वंद्वाच्या तक्त्यात शस्त्रे उभी आणि चिलखताचे आठ प्रकार आडवे मांडलेले आहेत : 1 म्हणजे चिलखतच नाही, 8 म्हणजे पत्र्याचे चिलखत आणि ढाल. 1974 च्या पुस्तिकांतही आठच प्रकार आहेत, फक्त ते 9 पासून 2 पर्यंत उतरत जातात. ‘चेनमेल’मध्ये चामड्याचे चिलखत ‘नुसती ढाल’ याच्या आधी येते, नव्या यादीत ढाल आधी. एवढी अदलाबदल सोडली तर दोन्ही याद्या एकास एक जुळतात. ‘नुसती ढाल’ हा वर्ग जहाजांच्या खेळातून येणे शक्य नाही. त्यामुळे वर्गवारी ‘चेनमेल’ची मानणे अधिक सयुक्तिक ठरते. हिट पॉइंटच्या बाबतीत आरमारी खेळांचे ऋण मान्य करायला हरकत नाही. अंकांची दिशा का उलटली, याला मात्र समकालीन कागदाचा भक्कम आधार दिसत नाही आणि ‘पहिल्या वर्गा’चे स्पष्टीकरण बहुधा नंतर सुचलेले असावे.

तक्त्याचे रूपांतर : ‘चेनमेल’मध्ये दोन साधे फासे टाकत. खंजिराला उघड्या अंगाच्या माणसासाठी 6 किंवा जास्त दान पुरे, पत्र्याच्या चिलखतासाठी मात्र 12 च हवे. म्हणजे 36 पैकी 26 शक्यतांवरून एकदम एकीवर घसरण. गदेला चिलखत बदलल्याने फारसा फरक पडत नसे. शस्त्राचे खरे व्यक्तिमत्त्व या तक्त्यात होते. 1974 मध्ये वीसपैलू फाशाची ‘पर्यायी’ पद्धत आली, तिने शस्त्राचा स्तंभच काढून टाकला आणि प्रत्येक शस्त्राची इजा एका सहापैलू फाशावर आणली. ‘ग्रेहॉक’ (1975) या पुरवणीत शस्त्रागणिक वेगळी इजा आली आणि जुना तक्ता अधिक-उण्या समायोजनांच्या रूपात परतला. दोन फाशांच्या बेरजेत मधली दाने वारंवार पडतात, तर वीसपैलू फाशावर प्रत्येक दानाची शक्यता सारखीच असते. त्यामुळे एका तक्त्यातला एक अंक दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा राहत नाही. या रूपांतरातली विसंगती तिथूनच सुरू होते.

अर्थनिर्णय : मुख्य प्रश्न असा, की शस्त्राचे हे अधिक-उणे समायोजन अंगावरच्या चिलखताला लागू करायचे की चपळाई, जादू वगैरे धरून येणाऱ्या अंतिम अंकाला? 1974 मध्ये हा प्रश्न जवळजवळ नव्हताच, कारण जादुई चिलखताचा लाभ प्रतिस्पर्ध्याच्या दानातून वजा होत असे आणि वर्ग तोच राहत असे. याच खेळाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत (प्लेयर्स हँडबुक, 1978) चपळाई आणि जादू यांनी अंकच बदलू लागला.

उदाहरणार्थ, कड्यांचे चिलखत आणि ढाल घेतलेल्या शिपायाचा एसी 4. चामड्याचे चिलखत घातलेल्या, 18 चपळाईच्या चोराचाही एसी 8 वजा 4, म्हणजे 4 च. पहिल्या पातळीच्या योद्ध्याला दोघांसाठी 16 दान लागते. पण तो खंजिराने लढत असेल तर समायोजनाच्या तक्त्यात 4 च्या स्तंभात उणे 2 आहे आणि 8 च्या स्तंभात अधिक 1. स्तंभ चिलखतावरून निवडला तर शिपायासाठी 18 लागतात आणि चोरासाठी 15. वार लागण्याची शक्यता अनुक्रमे 15 आणि 30 टक्के. अंतिम अंकावरून निवडला तर हा फरक पुसला जातो. खेळ चालवणाऱ्यासाठीच्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये (1979) गायगॅक्स यांनी निःसंदिग्ध खुलासा केला, की समायोजने विशिष्ट चिलखतासाठी आहेत, अंकासाठी नाहीत आणि चिलखत न घालणाऱ्या राक्षसांना ती बहुधा लागूच होत नाहीत. खुलासा वर्षभराने आणि वेगळ्या पुस्तकात आल्यामुळे केवळ हँडबुकवर खेळणाऱ्यांची रीत वेगळी पडली असणे स्वाभाविक आहे. नियम म्हणून गायगॅक्स यांचे वाचन बरोबर आहे, कारण गदेने पत्र्याचे चिलखत चेपते, समोरच्याची चपळाई नव्हे.

शस्त्राच्या वेगांकाचा (अंक लहान तितके शस्त्र जलद) नियमही याच पुस्तकांत आहे. सामान्यतः पुढाकाराचे, म्हणजे आधी वार कोणाचा हे ठरवणारे, दान बरोबरीत सुटले तरच तो पाहतात. खंजिराचा वेगांक 2, दोन हाती तलवारीचा 10. अंतर 5 किंवा जास्त असेल तर हलक्या शस्त्राला आधी दोन वार मिळतात.

नंतरच्या आवृत्त्या : दुसऱ्या आवृत्तीत (1989) कापणारी, भोसकणारी आणि ठेचणारी शस्त्रे असे तीन गट करून चिलखताशी तुलना ऐच्छिक ठेवली. तिसऱ्या आवृत्तीने (2000) अंकांची दिशा चढती केली आणि शस्त्र-चिलखत तक्ता वगळला. ‘टच’ (नुसता स्पर्श पुरेसा असेल तेव्हाचा) आणि ‘फ्लॅट-फुटेड’ (बेसावध असतानाचा) असे उप-एसी मात्र दिले. पाचव्या आवृत्तीत (2014) वाद शब्दयोजनेकडे वळला : मुठीचा ठोसा हा ‘मेली वेपन अटॅक’ (जवळून केलेला शस्त्रहल्ला) धरला जातो, पण मूठ ‘वेपन’ (शस्त्र) नाही. असे खुलासे ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ या सदरातून होत, ज्याची सुरुवात ‘द ड्रॅगन’ मासिकात 1979 मध्ये झाली.

अन्य खेळ : ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ (1975) आणि ‘रूनक्वेस्ट’ (1978) यांत चिलखत वार चुकवत नाही, इजा शोषते. ‘रूनक्वेस्ट’मध्ये अवयवागणिक वेगळे चिलखत असते, त्यामुळे वरील वाद तिथे उद्भवत नाही.